दसऱ्यापर्यंतची टिकटिक

डिझेलमध्ये भिजवलेल्या जुन्या बनियनचा वास कधी घेतलाय का? थोडा उग्र, थोडा गोडसर, आणि हात कितीही घासा, नखांत मुक्काम ठोकून बसणारा. सुगंध म्हणावा की दुर्गंध, मला अजून ठरवता आलेलं नाही. लहानपणी राजापूरला बाबांच्या हातांना हा वास यायचा. मे महिना सरत आला की ते अंगणात मोटरसायकल डबल स्टँडवर चढवायचे, पावसाळ्याआधी चेन पुसायला बसायचे, आणि मी जवळ सरकलो की म्हणायचे, "लांब हो. तुझं तोंड चालतं, हात नाय."

तोंड चालायचंच! शाळेत मुख्याध्यापकांच्या खोकल्यापासून शेवटच्या घंटेपर्यंत सगळ्यांचे आवाज मी काढायचो. घंटेच्या आवाजावर तर अख्खा वर्ग एकदा घरी गेला होता. पण पाना काही माझ्या हातात आला नाही.

यंदा बाबा माझ्याकडे घाटकोपरला आले, कान दाखवायला. डावा कान जवळजवळ गेलाच आहे. मी मनात केवढे बेत रचले होते! मेट्रोने फिरू, गप्पा मारू, मासळी आणू. आणि बाबा? दुसऱ्याच दिवशी खाली पार्किंगमध्ये. तिथे वरच्या मजल्यावरचा तेजस आपली मोटरसायकल पावसाळ्यापुरती झोपवायच्या तयारीत होता. एका पावसात सणसणीत घसरल्यापासून तो थेट दसऱ्यापर्यंत गाडी रस्त्यावर काढत नाही. बाबांनी त्याच्या बेताचा ताबाच घेतला. टाकी फुल्ल करून ठेव, नायतर आतून गंजेल. सायलेन्सरच्या तोंडाला पिशवी बांध, उंदीर संसार थाटतात. दर रविवारी थोडा वेळ चालू कर, बॅटरी उतरणार नाय. मी जिन्यात उभा राहून बघत होतो, आणि माझ्या डोळ्यांदेखत बाबांनी तेजसच्या हातात पाना दिला.

"असा धर. हिसका नको देऊ."

"काका, तुम्ही एकदम भारी आहात यार!"

यार? माझ्या बापाला यार?

मत्सर कसा असतो सांगू? उभ्या गाडीतल्या पेट्रोलसारखा. वापरला नाही की आतल्या आत चिकट होत जातो, आणि मग सगळ्या वाटा बुजवतो. दुपारी बाबा जेवायला वर आले तर हातांना तोच वास, माझ्या बालपणाचा, पण तेजसच्या गाडीचा! वर कौतुकही तोंडी लावायला. "पोरगा हुशार हाय. पटकन शिकतो."

झालं. माझी सटकली. मी ताटावरच नक्कल सुरू केली. आधी तेजसचं "भारी आहात यार", मग त्याच्या गाडीची. सेल्फचं खाकरणं, मग इंजिनाची धडधड, आणि त्या धडधडीच्या पोटातली बारीकशी टिकटिक.

बाबांचा घास हातातच राहिला. आता बोलणी बसणार, असं वाटलं.

"परत काढ."

मी काढला.

"ती मधली टिकटिक खरी हाय, का तुझा मसाला?"

"खरी आहे बाबा. रोज सकाळी ऐकतो."

"मग इंजिनातलं टॅपेट सैल झालंय." त्यांनी घास ताटात परत ठेवला. "मला खाली ऐकूच आलं नाय रे." आणि मग त्यांनी मान वळवून आपला धड असलेला, उजवा कान माझ्याकडे केला. "ह्या बाजूला ये. सावकाश काढ."

जन्मभर ज्या तोंडाला गप्प बस म्हणून सांगितलं, त्याच तोंडासमोर माणूस आपला कान आणून धरतो, तेव्हा आवाज काढणं किती कठीण होतं, काय सांगू!

टॅपेट नीट झालं. पाना तेजसनेच धरला, हे इथे दातओठ खात नमूद करतो. मग भाताच्या लावणीसाठी बाबा गावी गेले. तेव्हापासून दर रविवारी तेजस पिशवी सोडून गाडी चालू करतो, आणि मी बाबांना फोन लावून तिचा आवाज ऐकवतो, माझ्या तोंडाने. तेजसने एकदा स्वतःचा फोन इंजिनाला लावून पाहिला. "काका, डायरेक्ट ऐका ना!" तर बाबा म्हणाले, "त्यात नुसती घरघर येते. त्याला काढू दे." तेजसचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. झकास!

परवाच्या रविवारी गाडी लोण्यासारखी चालत होती. टिकटिक नावाला नाही. तरी मी फोनवर एक टिकटिक घातली. बारीकशी, अगदी पोटातली.

पलीकडून हुकूम आला, "परत काढ." मी काढली.

"ही गाडीची नाय," बाबा म्हणाले.

"मग कोणाची?"

"तुझी हाय, मेल्या." ते हसले असावेत. "दसऱ्याला गाडी बाहेर काढाल, तेव्हा येतो. पाना तू धर यावेळी."

फोन ठेवला, तर शेजारी तेजस चेन पुसून झालेलं फडकं झटकत होता. मत्सर संपला म्हणता? छे हो! त्याच्या नखांत तो वास आजही आहे, माझ्या नखांत नुसता साबण. मी ते फडकं मागून घेतलं. तो म्हणाला, "कशाला रे?" मी ते नखांवर घासलं. एवढं चालणारं माझं तोंड, पण त्या वासाची नक्कल काही त्याला जमत नाही.