अर्धा मागे गेलेला घोडा

न्युरेम्बर्गला आमच्या खालच्या मजल्यावर एक मराठी गृहस्थ राहतात. कारखान्यातून रिटायर झालेत. आपण त्यांची चूक काढली तरी "गेनाऊ", म्हणजे जर्मनमध्ये 'अगदी बरोबर', म्हणून मान डोलावतात. नेमबाजीच्या क्लबात जातात. रिव्हॉल्व्हरचा परवाना आहे आणि त्यात बदल करायची परवानगीही आहे, हे मी आधी विचारून घेतलं.

ते रिव्हॉल्व्हर जुन्या पद्धतीचं. दर गोळीला घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागतो. संधिवाताने यांचा अंगठा गेला. क्लबातले मित्र म्हणाले, आम्ही ओढून देतो. यांना पटलं नाही. मला म्हणाले,

"अक्का, घोडा त्यांनी ओढला तर नेम माझा कसा?"

तेव्हापासून तळघरात त्यांचा खटाटोप चालू आहे. गोळी सुटली की नळीच्या तोंडातून गॅस बाहेर पडतो आणि फुकट जातो. त्याच्याच जोराने घोडा मागे जावा, असं त्यांना हवंय. घरी जोडतात, क्लबात जाऊन उडवून बघतात.

परवा क्लबातून थेट माझ्याकडे चहाला आले.

"आज अर्धा गेला!"

"अर्धा म्हणजे गेला नाही," मी म्हटलं.

"गेनाऊ! पण आजवर हललाही नव्हता. पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत नाव देऊन आलोय."

"आणि नाहीच गेला तर?"

"वर्ष आहे की हातात. तुम्ही या बघायला."

या वयात मी पुढच्या वर्षाचं कुणाला काही कबूल करत नाही. त्यांना म्हटलं, पाठ टेकायला खुर्ची असेल तर येईन.