मोहन्याला न पोचलेला फ्रिज

नौपाड्यातल्या एका दुकानाच्या सेल्समनने कल्याणजवळच्या मोहने गावातल्या एका विधवा बाईंना फसवलं. त्यांच्या कागदांवर हप्त्याने फ्रिज उचलला आणि एकही हप्ता भरला नाही. मला पोलीस खात्यातून निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी हे प्रकरण अजून माझ्या झोपेत येतं. येतं तेही निळ्या रंगात.

बाई डोंबिवलीत पोळी-भाजी केंद्र चालवत. कल्याणला खाडीकडे खिडकी असलेली एक खोली त्यांनी ठरवली होती, बयाणाही दिला होता. बँकेने कर्ज नाकारलं. क्रेडिट रिपोर्टमध्ये त्यांच्या नावावर फ्रिजचं थकलेलं कर्ज 'राइट ऑफ' म्हणून लागलं होतं. बाईंना वाटलं, म्हणजे माफ झालं. बँकेतल्या माणसाने समजावलं, की कंपनीने वसुलीची आशा सोडली, एवढंच, डाग राहतोच.

तक्रार अर्ज माझ्यासमोर ठेवून त्या म्हणाल्या, "साहेब, माझ्याकडे फ्रिजच नाही. भाजी रोजची रोज संपते."

दुकानाच्या हमालाकडून खबर मिळाली. फ्रिज त्याने वर्तकनगरला, सेल्समनच्या मेहुण्याकडे चढवला होता. सेल्समनला बोलावलं. बाईंनीच तिकडे पोचवायला सांगितलं, असं तो ठणकावून म्हणाला.

मी कर्जाच्या फॉर्मवरचा फोटो समोर घेतला. बाई दुकानात उभ्या. मागे ओळीने टीव्ही, सगळ्यांवर एकच निळा समुद्र, त्यात सावकाश फिरणारे मासे. बाई त्या पाण्यातच उभ्या आहेत असं वाटत होतं. मी किती वेळ बघत राहिलो कोण जाणे. मग टीव्हींच्या वरचं तोरण दिसलं.

"मॅडम स्वतः आलेल्या, साहेब. अक्षय तृतीयेला. तोरण बघा ना, सणाचंच आहे."

माझं बालपण भातशेतीत गेलं. तोरणात झेंडूत खोवलेल्या भाताच्या लोंब्या हिरव्यागार होत्या.

"वैशाखात हिरव्या लोंब्या कुठल्या शेतातून आणल्यास रे?"

त्याने पाणी मागितलं. मग सगळं बाहेर आलं. दसऱ्याला बाई मिक्सर घ्यायला आल्या होत्या. फोटो काढला, कागदांच्या सह्या केलेल्या झेरॉक्स घेतल्या, पण भाव जमला नाही. "कागद राहू देत, पुढच्या वेळी परत आणायला नकोत," असं हा गोड बोलला आणि बाईंनी ते सौजन्य समजून कागद तिथेच राहू दिले. उन्हाळ्यात त्याने तेच कागद काढले आणि मोबाइल नंबर स्वतःचा घातला.

गुन्हा नोंदला, पंचनामा करून फ्रिज जप्त केला. कल्याणच्या खोलीच्या बिल्डरकडे मी स्वतः गेलो. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीसाठी भांडणारा माणूस मी. खोली राखून ठेवायला महिना मागितला, आवाज चढवला, पंधरा दिवस पदरात पाडले. तेवढ्यात नोंद पुसली जायला हवी होती, म्हणून गुन्ह्याची प्रत जोडून फायनान्स कंपनीला पत्र धाडलं. फायनान्स कंपनी म्हणे, फाइल वर गेली आहे. रिपोर्टवाले म्हणत, कंपनीने कळवल्याशिवाय आम्ही हात लावत नाही. सोळाव्या दिवशी खोली दुसऱ्याला गेली.

सौदा मोडला तर झेरॉक्स परत घ्यावी, हे मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगतो. पण चोर पकडला म्हणजे प्रकरण मिटलं, हा माझा समज त्या बाईंनी पुसला. स्वप्नात त्या अजून निळ्या पाण्यात उभ्या असतात, खिडकी शोधत.

सेल्समनचा जबाब मी घेतला. फायनान्स कंपनीतल्या ज्या अधिकाऱ्याच्या टेबलावर गुन्ह्याची प्रत आणि माझं पत्र पंधरा दिवस पडून होतं, त्याचा जबाब कुणीच घेतला नाही. त्याने तो आता द्यावा. लेखी, नाव घालून, सहीनिशी.