पारड्याखालचा वॉशर

रिकामा तराजू उचलून दाखवा, असं तुम्ही शेवटचं कधी म्हणालात?

मी कधीच म्हणाले नव्हते. तरी बारावीत असताना मापातल्या लबाडीवर मी पत्रक लिहिलं होतं. आमच्या घरात पुस्तकांआधी पत्रकं आली. वडील ती छापून आणत, मी घड्या घालत असे. ‘तोलून लिही,’ असं ते सांगत. मला ते भित्र्या माणसांचं शहाणपण वाटे. माझ्या पहिल्या पत्रकातलं लाडकं वाक्य होतं : ‘पारड्याखाली काही बांधलेलं दिसलं, की समजा तुमची लूट चालू आहे.’

पत्रकं वाटायला मी राहू गावच्या बाजारात गेले. एक चाचा पेरू विकत होते. त्यांच्या पेरूच्या पारड्याखाली तारेनं बांधलेला लोखंडी वॉशर दिसला, आणि मी ओरडलेच, “हे बघा! दिवसाढवळ्या फसवणूक!”

माणसं जमली. एकानं माझं पत्रक मोठ्यानं वाचलं. मला स्फुरण चढलं. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, “ह्या लोकांचं असंच असतंय.”

चाचांचं घर राहूत चार पिढ्यांचं. त्यांचे हात थांबले. ते वाक्य माझ्या पत्रकात कुठंच नव्हतं. पण त्याला वाट माझ्याच आवाजानं करून दिली होती.

“पोरी,” चाचा म्हणाले, “पेरू काढ, वजनं काढ. आता धर वर.”

मी तराजू उचलला. काटा मधोमध.

“आता त्यो वॉशर सोड.”

तार सोडली, तशी वजनांची बाजू खाली गेली.

“तिकडचं पारडं फुटलं, नवं जड मिळालं. म्हून हिकडं पासंग बांधला. शिकल्याली हायस, आधी इचारायचं तरी!”

“शिकल्याली हाय म्हूनच इचारलं न्हाई!” शेजारची भाजीवाली मावशी म्हणाली.

सगळे हसले आणि पांगू लागले. पण मागचं ते वाक्य कुणी पुसलं नव्हतं, आणि माझी पत्रकं लोकांच्या खिशात होती. गिऱ्हाइकं गेली असती ती चाचांची.

मी पुन्हा ओरडले, “थांबा! मी चुकले. वॉशर आहे म्हणूनच माप खरं आहे. या, हातानं उचलून बघा. ‘ह्या लोकांचं’ म्हणणारे दादा, आधी तुम्ही या!”

तो आला नाही. तीन बायका मात्र आल्या, तराजू उचलून पाहिला आणि पेरू घेऊन गेल्या. चाचांनी तार पुन्हा आवळली. “आवाज बरा हाय तुझा,” म्हणाले, “त्यालाबी पासंग बांध.”

घरी येऊन उरलेल्या पत्रकांवरचं माझं ते लाडकं वाक्य मी एकेक करून खोडायला बसले. वडिलांनी दुसरं पेन घेतलं आणि तेही खोडू लागले.

पुढच्या बाजारी तुम्हीही रिकामा तराजू उचलायला सांगा. तो तुमचा हक्कच आहे. आणि कुणावर आरोप करून चुकलात, तर त्याच गर्दीत, तेवढ्याच मोठ्यानं, तसं सांगून या.