मतलई वारा कुठवर जातो

बाबा मला सहसा फोन करत नाहीत. काही सांगायचं असलं तर मी दातिवऱ्याला घरी येईपर्यंत थांबतात. त्यामुळे जानेवारीतल्या त्या रविवारी दुपारी चारच्या सुमारास बोईसरला त्यांचा फोन आला, तेव्हा उचलण्याआधीच मला धसका बसला. मागून लाटांचा आवाज येत होता. "ज्योती, खारा वारा सुटून दोन घंटे झाले," ते म्हणाले, "बाय आली नाय." मी काही विचारायच्या आत त्यांनी फोन ठेवला... पाण्यावरून नजर काढायची नव्हती त्यांना, हे नंतर कळलं.

बाय म्हणजे निर्मला भोयर. बोईसरला आमच्याच इमारतीत, आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. मी त्यांना निर्मलाताई म्हणायचे. मूळच्या वर्धेकडच्या एका खेड्यातल्या. नोकरीसाठी तिशीत इकडे आल्या आणि औषधांच्या एका कारखान्यात, तपासणीच्या प्रयोगशाळेत त्यांनी वीसेक वर्षं काढली. लग्न केलं नाही. पन्नाशीपर्यंत त्यांचा समुद्राशी संबंध एवढाच, की कधी सुट्टीच्या दिवशी चिंचणीला जाऊन चपला हातात धरून चालायचं. पण प्रश्न विचारायची त्यांना भारी खोड. भाजीवाली, रिक्षावाला, माझ्या शाळेतली मुलं, कुणीही चालायचं. उत्तर अर्धवट मिळालं, तर पुढच्या भेटीत त्या बरोबर तिथूनच सुरू करायच्या.

एका शिमग्याला मी त्यांना माहेरी घेऊन गेले. सगळा गाव होळीच्या गडबडीत, आणि या बाई सुरूच्या झाडांखाली पालथ्या पडलेल्या आमच्या जुन्या होडीभोवती फिरत होत्या. बाबांनी इंजिनाची बोट घेतल्यापासून ती शिडाची होडी तशीच पडून होती. इंजिन नव्हतं तेव्हा तुम्ही परत कसे यायचात, असं त्यांनी बाबांना विचारलं. बाबांनी सांगितलं की पहाटे जमिनीकडून दर्याकडे वाहतो तो मतलई वारा, त्याच्यावर बाहेर जायचं. दुपारी दर्याकडून जमिनीकडे वाहतो तो खारा, त्याच्यावर घरी यायचं. त्यात सांगण्यासारखं काय आहे, असा त्यांचा सूर होता. निर्मलाताईंनी लगेच विचारलं, "पण तांडेल, हा मतलई जातो कुठवर? कुठंतरी थांबत असेल ना?"

बाबांची उभी हयात दर्यात गेली, पण हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मासळी मिळेल तिथं थांबायचं, वारा कुठं थांबतो याच्याशी त्यांना काय करायचं होतं? पण त्या दिवशी जेवताना ते मधेच हसले. "खरंच," म्हणाले, "ठाव नाय मला."

पुढच्या हंगामात होडी सुलटी झाली. तिच्या फटी बुजवल्या, तेल पाजलं, नवं शीड शिवून घेतलं. निर्मलाताई शनिवारी कामावरून सुटल्या की सफाळ्याला उतरून टमटम धरायच्या आणि आमच्याकडे मुक्कामाला यायच्या. पहिले काही रविवार त्या होडीच्या कडेला लटकून नुसत्या ओकत होत्या. शिडाच्या दोरानं हात सोलले, तर म्हणाल्या, आता प्रयोगशाळेतल्या पोरी विचारतील आणि मला सांगता येईल. असे तीन हिवाळे गेले. मी हे सगळं पाहत होते आणि... लिहूनच टाकते, मला ते रुचत नव्हतं. आम्ही दोघी बहिणी त्या घरात वाढलो. बाबांनी आम्हाला शाळेत घातलं, जाळी विणायला लावलं, पण होडीत कधी घेतलं नाही. पोरीच्या जातीनं काठावर थांबायचं. आणि ही वर्धेची बाई आमच्या होडीचं सुकाणू धरून बसलेली, बाबा तिला मोठ्यानं शिव्या देताहेत, आणि ती हसते आहे. मी त्यांना हे कधी बोलून दाखवलं नाही. आता वाटतं, बोलले असते तर त्यांनी मलाच दहा प्रश्न विचारले असते.

चौथ्या हिवाळ्यात बाबांनी त्यांना एकटीला सोडलं. एकट्याच का जाता, असं मी विचारलं होतं. काही मोठं उत्तर येईल असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "तुझे बाबा बरोबर असले की मासे कुठं आहेत तेच बघतात. मला वारा बघायचाय." दर रविवारी त्या आदल्या वेळेपेक्षा थोडं पुढं जायच्या, दुपारी परत आल्या की आज शीड कुठं ढिलं पडलं ते बाबांना सांगायच्या. दोघं वाळूत काडीनं रेघा ओढत बसायची. थंडीत वारा लांब जातो, ढग असले की लवकर मरतो, असं काहीबाही त्यांना उमगत चाललं होतं.

त्या रविवारी त्या परतल्या नाहीत. गावातल्या बोटी दोन दिवस शोधत होत्या. चौथ्या दिवशी वरच्या अंगाला, तारापूरच्या समोर खोल पाण्यात कुणाला तरी होडी सापडली. रिकामी. शीड उतरवून व्यवस्थित बांधलेलं. डबा खाऊन झाकण लावलेलं. चपला जोडीनं ठेवलेल्या, आणि लाइफ जॅकेट काढून फळीवर.

त्या काढून ठेवलेल्या जॅकेटानं सगळा घात केला. होडी चौकशीसाठी एका बंदरात बांधून ठेवली होती आणि इकडे बोईसरला जिन्यात, दुधाच्या दुकानात, कारखान्याच्या गेटवर एकच विषय. त्यांना काहीतरी आजार होता, तो लपवून त्यांनी जीव दिला, असं कुणी म्हणे. कुणी म्हणे सीमेपलीकडच्यांनी पकडून नेलं. त्यांच्या कारखान्यातल्या एकानं तर त्यांना उंबरगावच्या बाजारात पाहिलं होतं, म्हणे. दातिवऱ्यात सगळे बाबांकडे बोट दाखवत होते, परक्या बाईला दर्यात एकटी सोडलीच कशी? पोलिसांनी दोनदा बोलावून त्यांचा जबाब घेतला. दुसऱ्या खेपेनंतर बाबांनी काठावर जाणं सोडलं. ओटीवर बसायचे, दर्याकडे पाठ करून. आणि मी? मीही अंदाज बांधत होतेच. मला वाटायचं, वारा संपतो ती जागा त्यांना सापडली असेल आणि तिथून परत यावंसं वाटलं नसेल. हा विचार सुंदर वाटायचा, म्हणून मी तो मनात धरून ठेवला होता. खरा आहे का, हे तपासायचं माझ्या मनातही आलं नाही.

त्यांचे धाकटे भाऊ मधुकरराव वर्ध्याहून आले होते. शेती करणारा, कमी बोलणारा माणूस. समुद्र त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. दिवाळीत फोनवर त्यांनी बहिणीला म्हटलं होतं की आता हे खूळ पुरे, घरी ये, लोक हसतात. त्यावर ताईंनी फोन ठेवला तो ठेवलाच. "माह्या बोलण्यानं गेली ती," एवढं एकच वाक्य ते माझ्याशी बोलले आणि कुठलाही विधी न करता परत गेले.

पाच आठवड्यांनी होडी घेऊन जा असा निरोप आला. बाबा जायला तयार नव्हते, मीच हट्टानं नेलं. आमच्या बोटीला बांधून होडी दातिवऱ्याला आणली आणि ओहोटीला वाळूवर ओढून आडवी केली. तोवर ती सगळा वेळ पाण्यातच होती, त्यामुळे तिचं पोट कुणी पाहिलं नव्हतं. बाबा वाकले ते बराच वेळ उठलेच नाहीत. मी पुढं झाले. सुकाणूच्या पाण्याखालच्या भागाला नायलॉनच्या जाळ्याचा गुंडाळा बसला होता, कुणाचं तरी वाहून आलेलं, तुटकं जाळं. त्याचे अर्धे धागे सुरीनं कापलेले होते. सरळ, एकाशेजारी एक. उरलेले तसेच.

बाबा सावकाश सांगू लागले. सुकाणू अडकलं तर होडी वळत नाही. जाळं सोडवायला पाण्यात उतरावं लागतं. उतरण्याआधी शीड पाडून बांधायचं, नाहीतर वारा होडी घेऊन जातो आणि माणूस मागं राहतो. आणि जॅकेट अंगात असलं तर ते खाली जाऊच देत नाही. सुरी तिच्या गळ्यात दोरीला असायची, ती होडीत नव्हती. "सगलं मी शिकवलं तसंच केलंन," ते म्हणाले. मग त्या कापलेल्या धाग्यांवरून बोट फिरवत म्हणाले, "जिला मरायचं हाय ती जालं कापत नाय, ज्योती. ती घरी यायला निगाली होती."

पुढं काय झालं असेल, ते आम्हाला माहीत नाही. पाण्याच्या ओढीनं हात सुटला असेल, की पाय त्याच जाळ्यात गुंतला असेल. त्या वाऱ्याच्या टोकापर्यंत पोचल्या होत्या का, तेही कळणार नाही. पण बाबांनी मधुकररावांना फोन लावायला सांगितला आणि म्हणाले, "या नि डोळ्यांनी बगा." ते आले. त्यांनी गुडघे टेकून ते जाळं पाहिलं, धागे एकेक करून मोजल्यासारखे चाचपले. बाबांनी त्यांना पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून वैतरणेच्या मुखाशी विधी केले.

मग मी आणि मधुकरराव बोईसरला ताईंचं घर आवरायला गेलो. फार काही नव्हतंच. पण खिडक्या उघडेनात. पडद्यांच्या दोऱ्या, खिडकीच्या कड्या, माळ्यावरची ट्रंक, सगळं ताईंनी दोरानं बांधून ठेवलं होतं आणि मधुकररावांना एकही गाठ सुटत नव्हती. ओढतील तशी घट्ट. ते कात्री शोधायला लागले. मी सहज पुढं होऊन दोराचं आखूड टोक उलटं ओढलं, गाठ सुटली. दुसरी सोडली, तिसरी सोडली, आणि मग माझ्या लक्षात आलं की ही होडीची गाठ मला कुणी कधीच शिकवली नव्हती. बाबा होडी बांधताना मी काठावर उभी असायचे, तेवढ्यात ती हातात आली असावी... मधुकरराव माझ्या बोटांकडे बघत होते. "पुन्हा दाखवा," म्हणाले. आवराआवर राहिली बाजूला. संध्याकाळच्या गाडीची वेळ होईपर्यंत आम्ही खिडकीशी बसून गाठ बांधत आणि सोडत होतो.

मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. शेतात एक नवा गोऱ्हा आणलाय, फार मस्तीखोर आहे, कुठल्याच दाव्याला राहत नाही. म्हणून त्यांनी निर्मलाची गाठ मारून पाहिली. "दिवसभर वढत होता," ते म्हणाले, "नाई सुटली. मंग संध्याकाळी म्या एका हातानं सोडली."