मामांचा उजवा हात

सासऱ्यांना मी मामा म्हणायची. लातुरात त्यांचं जादूच्या सामानाचं दुकान होतं. पत्ते, रुमाल, पोकळ अंडी, दुहेरी तळाच्या डब्या. नवरा गल्ल्यावर बसायचा आणि मामा काउंटरमागे उभे राहून खेळ दाखवायचे. गिऱ्हाईक भुललं, त्यानं माल घेतला, की मगच त्याला पडद्याआड नेऊन त्यातली खुबी सांगायची, असा आमचा धंदा.

भूकंप झाला त्या सकाळी मामा मिळेल त्या जीपनं किल्लारीला गेले. तीन दिवस दगड उपसून परत आले, ते उजवा हात थरथरतच. तिथं काय पाहिलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. घरच्यांनी ठरवूनच टाकलं, धसका घेतलाय, जाईल हळूहळू. सासूबाईंनी दर्ग्यातून धागा आणून मनगटाला बांधला. डॉक्टरकडे कुणी नेलं नाही. मीही नाही. तेव्हा लातुरात कुठलंही दुखणं भूकंपाच्या नावावर खपायचं, याचा मला आजही संताप येतो.

थरथर वाढत गेली. मामा हुशार. बोलता बोलता डाव्या हातानं चुटक्या वाजवायचे, गिऱ्हाइकाची नजर तिकडे ओढायचे आणि उजवा हात काउंटरच्या कडेला टेकवून ठेवायचे. घरात जेवतानाही तसंच. या धंद्यात जन्म गेलेली आम्ही माणसं, आणि आम्हीसुद्धा डाव्या हाताकडेच बघत राहिलो.

पुढं क्लासेसचं पेव फुटलं. हदगाव, मुरुड, कुठकुठली पोरं लातुरात खोल्या करून राहू लागली. गल्लीतलं शिंप्याचं, किराण्याचं, एकेक दुकान क्लासला गेलं. एका सरांनी आमचीही जागा मागितली. नवरा तयारच होता.

"माझा हात चालतोय तवर न्हाई," मामा म्हणाले.

"बरं," नवरा म्हणाला. "ज्या दिशी गिऱ्हाइकासमोर खेळ फसंल, त्या दिशी कुलूप."

मामांनी मान डोलावली. दुकानात त्यांचा जीव अडकलाय हे नवऱ्याला ठाऊक नव्हतं असं नाही.

मला मामांनीच शिकवलं होतं. भाजी निवडताना तळव्यात सुपारी दडवायची आणि पडू द्यायची नाही. सहा महिन्यांत हात बसला. पण दुकानात मी फक्त माल काढून द्यायची. कारण एक रीत कडक होती. दुसऱ्याच्या चालू खेळात हात घालायचा नाही. फसला तर ज्याचा त्यानं सावरायचा.

एका दुपारी सर जागेचं माप घ्यायला आले. मागोमाग क्लासची दहाबारा पोरं शिरली. मामा मुद्दाम रुपयाचा खेळ करायला उभे राहिले. रुपया डाव्या मुठीत टाकल्याचं भासवायचं आणि उजव्या तळव्यात दडवायचा, एवढंच. त्यांनी डाव्या मुठीवर फुंकर मारली आणि रुपया उजव्या हातातून खणकन फरशीवर पडला. पोरं फिदीफिदी हसली. नवऱ्यानं मान वर केली. मामा वाकून फरशी चाचपू लागले.

मला राहवलं नाही. मी रुपया उचलला, "ही तर गंमत होती, खरा खेळ आता," म्हणाले आणि करून दाखवला. रुपया एका पोराच्या वहीतून निघाला. शिट्ट्या वाजल्या, माल खपला. सर टेप गुंडाळून गेले.

"चालतंय की दुकान," नवरा म्हणाला.

घरी जाताना मी म्हणाले, "मामा, चुकलं माझं."

"न्हाई गं. तुझा हात लई साफ हाय."

दुसऱ्या दिवसापासून ते काउंटरमागे आले नाहीत. पोरांच्या घोळक्यात उभे राहायचे आणि माझा खेळ संपला की सगळ्यांआधी टाळ्या वाजवायचे. तळवे एकमेकांवर धड बसायचे नाहीत. मला त्या टाळ्या नको होत्या, पण ते सांगायला तोंड कुठं होतं?

एकदा माझा खेळ चालू असतानाच एका पोरानं त्यांना विचारलं, "आजोबा, तुमाला येतं का ह्यातलं काई?"

"न्हाई बाबा," मामा म्हणाले, "मी नुसता बघाया येतो."

मी ते ऐकलं, आणि हातातला रुपया पडू दिला नाही.