आखाजीचं लुगडं आणि पाच चिठ्ठ्या

१५ एप्रिल १९३१, बुधवार. चावडीवर पोलीस पाटलांच्या देखत तलाठ्यांनी माझ्या हातावर पाच रुपयांच्या सरकारी चिठ्ठ्या ठेवल्या. एकेक रुपयाच्या पाच. मंदीने कापसाचा भाव पडला होता. आम्हा शेतकऱ्यांच्या हातात पैसा नाही, त्यामुळे धरणगावच्या विणकरांना गिऱ्हाईक नाही. म्हणून या चिठ्ठ्या फक्त विणकरांकडेच चालायच्या, त्याही आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत. विणकराने कचेरीत चिठ्ठीवरचा नंबर दाखवला की त्याला रोख मिळायची. आखाजी पाच दिवसांवर होती.

लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला थोरली मुलगी माहेरी आली होती. ती नव्या लुगड्याशिवाय परत गेली असती तर सासूने वर्षभर ऐकवलं असतं. घरात रोख होती ती बारा आणे.

गुरुवारी धरणगावला एका विणकराकडे लुगडं पसंत केलं. किंमत पाच रुपये सहा आणे. मी चिठ्ठ्या पुढे केल्या, तसा त्याने हात मागे घेतला.

"भाऊ, नंबर कोठे शे? कचेरीत मी काय दाखाडू?"

पाचही चिठ्ठ्यांच्या नंबरावर ओल्या कुंकवाचं बोट उमटलेलं. घरात आलेला पैसा आधी देवापुढे ठेवायचा, ही आमची रीत. चिठ्ठ्याही ठेवल्या होत्या. लुगडं बाजूला ठेवायला सांगून मी घरी आलो आणि बायकोला विचारलं. ती म्हणाली, "लक्ष्मी शे ना ती! कुकू नको लावू का?" हात तर मीही जोडले होते.

तसाच चावडीवर गेलो. तलाठी चिठ्ठ्या बघून हसायलाच लागले.

"नाना, आता नैवेद्यही दाखवायचा होता!"

"थट्टा राहू द्या. चिठ्ठ्या बुडाल्या का, ते सांगा."

"सकाळपासून तुम्ही नववे," ते म्हणाले. त्यांनी चिठ्ठी उलटी करून उजेडात धरली. नंबर ठशाने ठोकलेला होता. मागून तो बोटालाही लागत होता. वाटपाच्या वहीशी ताडून त्यांनी पाचही नंबर चिठ्ठ्यांच्या पाठीवर लिहिले आणि खाली सही केली. मी तिथल्या बाकावर टेकलो, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

शुक्रवारी मुलीलाच बरोबर नेलं. विणकराने सह्या नीट पाहिल्या आणि लुगड्याची घडी तिच्या हातात दिली. त्याला पाच रुपये चिठ्ठ्यांनी आणि सहा आणे रोख, असे एकूण पाच रुपये सहा आणे पोहोचले.