वाढपी जहाज

अख्ख्या भंडारा जिल्ह्यात समुद्राविषयी माझ्या मामाजींइतकी ठाम मतं कोणाचीच नव्हती, आणि ती बनवायला त्यांना समुद्र पाहण्याची गरज कधी भासली नाही. करडी गावातल्या त्यांच्या धानाच्या बांध्या सोडल्या तर त्यांचं जग तुमसरच्या बाजाराशी संपायचं. पण पंगतीत वाढावं ते मामाजींनीच. वरणाची बादली घेऊन निघाले की कोण लाजून 'नको' म्हणतोय हे त्यांना नुसत्या पाठीवरून कळे. "याच्या पोटात जागा हाये," म्हणत आणि पानावर आडव्या धरलेल्या हाताच्या बोटांमधून वरण ओतत. परगावचा वाढपी त्यांना खपत नसे. "परक्याले काय ठाऊक, कोणाची भूक केवढी? एखादं पान उपाशी ठेवतेच तो."

त्यांचा मुलगा, आमचा दादा, नौदलात होता. लढाऊ जहाजांना भर समुद्रात तेल, पाणी, धान्य पोचवणारं एक मदतीचं जहाज असतं. ते इथंच बांधायचं की परदेशातून बांधून आणायचं यावर दिल्लीत खल चाललाय, असं तो सुट्टीत सहज बोलून गेला. "म्हणजे वाढपी जहाज!" मामाजींनी तिथल्या तिथं त्याचं बारसं केलं आणि नंतर कित्येक महिने पानठेल्यावर दुसरा विषय निघू दिला नाही. शाळेतले गुरुजी म्हणत, परदेशात लवकर होतं, इथं वर्षानुवर्षं रखडेल.

"रखडू द्या ना! लढणारे घरचे अन् वाढणारा काहून परका? माया पोट्ट्याचं पान त्या पंगतीत हाये, गुरुजी."

लोक पोट धरून हसत. मामाजी हसत नसत.

घरी मात्र कोणालाच हसू येत नसे. दादा नौदलात गेल्यापासून रोज दुपारी त्याच्या नेहमीच्या जागी पळसाची पत्रावळ मांडली जाई. त्यावर थोडा भात, शेजारी विहिरीच्या पाण्यानं भरलेला पितळी गिलास. जेवणं आटोपली की मामाजी त्या गिलासातला एक घोट घेत. बहुतेक दिवशी पाण्यात काही वेगळं नसे. एके दिवशी त्यांचा चेहरा उतरला आणि गिलास त्यांनी माझ्याकडे सरकवला.

"चाखून पाय."

पाणी खारट होतं. साधं खारट नव्हे, घसा आवळून धरणारं. त्याच बादलीतलं माझ्या गिलासातलं पाणी गोड होतं. मी मामींवर मिठाचा आळ घेतला, तर त्या हळूच म्हणाल्या, "म्याबी पयले तेच म्हटलं होतं."

"आज तिकडं पाणी पुरलं नाई," मामाजी एवढंच बोलले.

जहाज शेवटी परदेशातूनच आलं होतं. पुढच्या सुट्टीत दादा जेवताना सांगत होता, की त्या जहाजाच्या यंत्राचा एक भाग मोडला, तो परदेशातून येईपर्यंत ते बंदरातच अडकून पडलं आणि समुद्रात दादाच्या जहाजावर पाणी मोजून मिळू लागलं. "पण बाबा, एक गंमत सांगू? दुपारच्या पाण्याले आपल्या विहिरीची चव लागे."

गिलासाची गोष्ट त्याला कोणीच सांगितली नव्हती. मामींचा घास हातातच राहिला.

"पोटभर पेत होता ना?" मामाजींनी विचारलं आणि त्याच्या पानावर आणखी भात वाढला.

मामाजी गेले तेव्हा दादा पुन्हा समुद्रावर होता. तेरवी झाल्यावर काही दिवसांनी मी करडीला गेलो, तर मामींनी दोन पत्रावळी मांडलेल्या. मला मामाजींची फार आठवण आली. जेवणं झाल्यावर मामींनी दादाचा गिलास चाखला. गोड. मग मामाजींच्या गिलासातला घोट घेतला, डोळे मिटले आणि गिलास माझ्याकडे दिला.

खारट होतं.

मामींनी पदरानं डोळे पुसले, आणि रडता रडता त्यांना हसू आलं.

"कोणावर भरोसा नाई ना बुढ्याचा," त्या म्हणाल्या. "गेला सोताच पोराले वाढाले."